लोकरी कोट आणि इस्माईलचाचा

रत्नागिरीत लोकरीचा कोट कुणाला लागतो, असं मला आजवर इतक्या जणांनी विचारलंय की उत्तर तोंडपाठ झालं आहे. कुणालाच लागत नाही. म्हणूनच तर माझा धंदा चालला. ज्या गावात थंडी पडली म्हणजे पहाटे पंखा जरा कमी करतात, त्या गावातल्या ट्रंकांमध्ये जगभरच्या गारठलेल्या बंदरांवरचे कोट पडून होते. बोटीवर नोकरी करणारी माणसं ते घेऊन यायची. घेताना तिकडे दातावर दात आपटत असायचे, आणि इकडे उतरल्यावर घामाच्या धारांत कोट हातावर टाकून घर गाठायचं. पुढे कोट ट्रंकेत आणि ट्रंक माळ्यावर.

हे मला ठाऊक असायचं कारण आमचं ड्रायक्लीनिंगचं दुकान. मांडवीच्या रस्त्याला माझ्या मिस्टरांनी ते काढलं होतं. पावसाळा सरला की कोट यायचे, अंगभर पांढरी बुरशी घेऊन. आम्ही ती काढायची, कोट परत माळ्यावर जायचा, पुढच्या वर्षी तोच कोट आणि तीच बुरशी. मिस्टर गेले तेव्हा मी यंत्रं विकून टाकली आणि गाळा भाड्याने दिला. मूलबाळ नाही, सासरची माणसं सगळी मुंबईला. संध्याकाळी दिवे लागले की घरात बोलणारा टीव्ही तेवढा उरायचा, आणि तोही माझं काही ऐकून घ्यायचा नाही.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास, वेळ जावा म्हणून मी संगणकाच्या वर्गात नाव घातलं. वर्गात सगळी कॉलेजातली पोरं. तिथेच कळलं की जुन्या वस्तू नेटवर विकायला ठेवता येतात. मोबाईल, घड्याळं, कॅमेरे. मी विचारलं, कोट? पोरं हसली. मी घरी आले आणि एका जुन्या गिऱ्हाइकाला फोन लावला, तुमचा तो निळा कोट विकून देऊ का म्हणून. तो म्हणाला, "द्या हो वहिनी, नाहीतर हिने त्याचं पायपुसणं करायचं ठरवलंच आहे."

आता ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. त्या साइटवर प्रत्येक वस्तूखाली एक आकडा असे, ती वस्तू किती वेळा पाहिली गेली त्याचा. आपण आपल्या खात्यातून कितीही वेळा उघडली तरी तो ढिम्म हलत नसे. परक्या कुणी पाहिलं तरच पुढे जाई. दुकानात कसं, माणूस पायरीवर नुसता थबकला तरी दिसतो, त्याला "या" म्हणता येतं. इथे पायरीच नाही. कुणी आलं, बघून गेलं, का आवडलं नाही, काही म्हणता काही कळायचं नाही. हातात काय, तर आकडा.

पहिल्या कोटाचा आकडा जागचा हलेना. हलणार कसा? मी तो खाटेवर पसरून वरून फोटो काढला होता आणि तो पंचनाम्यातल्या प्रेतासारखा दिसत होता. मग शिकत गेले. कोट हँगरला लावून पडवीत टांगायचा, सकाळच्या उन्हाची तिरीप आत यायच्या आधी. मागे पांढरी चादर, कारण आमच्या भिंती जांभ्याच्या, आणि त्या लाल चिऱ्यांपुढे करड्या कोटाचा रंग भलताच येतो. यादीत तो फोटो टपाल तिकिटाएवढा दिसणार, तेव्हा कोटाने सगळी जागा भरली पाहिजे. नुसतं "छान कोट" असं लिहिलं तर तो हजारोंच्या ढिगात गाडला जातो. शोधणारा माणूस काय टाइप करील ते आपण लिहायचं. लोकरीचा, पुरुषांचा, छाती बेचाळीस, आतून अस्तर. आणि उणीव आधी सांगायची. बाहीला कसर लागली होती, रफू केलं आहे, हा घ्या रफूचा फोटो. असं लिहायला लागल्यापासून लोक जास्त बघू लागले, हे मात्र मला अजून पुरतं उमगलेलं नाही. बहुधा खरं बोलणारा माणूस कसा असतो, ते बघायला येत असावेत.

हंगामाचंही गणित होतं. इथे ऑक्टोबरच्या उकाड्याने जीव नकोसा झाला की समजायचं, वर उत्तरेत माणसं कोट शोधू लागली. जुनी झालेली वस्तू यादीत खाली खाली जाते, म्हणून ती काढून रविवारी दुपारी पुन्हा लावायची, म्हणजे जेवून सैलावलेल्या माणसांसमोर ती वर येते. घामाने ब्लाऊज पाठीला चिकटलेलं, पंखा फुल, आणि मी लिहितेय, "कडाक्याच्या थंडीसाठी उत्तम."

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. सिमल्याच्या एका बाईंनी विचारलं, तुमचं गाव समुद्राकाठचं, कोटाला मासळीचा वास तर येत नाही ना? मी लिहिलं, बाई, कोट ट्रंकेत होता, होडीत नव्हता. त्यांनी घेतला, आणि मग कळवलं की मासळीचा नाही, पण डांबरगोळ्यांचा एवढा येतो की आमचे साहेब शिंकून बेजार झालेत. अंबाल्याचे एक निवृत्त गृहस्थ दर आठवड्याला विचारायचे, तो तपकिरी कोट अजून आहे का? आहे, म्हणून मी कळवायची. घेत मात्र नसत. शेवटी तो दुसऱ्याने नेला, तसं मी त्यांना कळवलं. त्यांनी लिहिलं, अरेरे, आता मी विचारू काय? मी त्यांना दुसऱ्या कोटाचा पत्ता दिला. पुन्हा दर आठवड्याला प्रश्न सुरू. मला राग यायला हवा होता, पण त्यांचा निरोप आला नाही तर मीच वाट बघू लागले होते. खोटं कशाला बोलू, तो आकडा एकाने वाढला तरी दारात कुणीतरी येऊन गेल्यासारखं वाटायचं. संध्याकाळी मी त्याच्यासमोर बसून राहायची.

इस्माईलचाचा आमच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक. राजिवड्याला घर. स्वतः उमर बोटीवर काढलेली, मुलगा नासिरही बोटीवर. बीबी दोन-तीन पावसाळ्यांपूर्वी गेलेली. माझ्या धंद्याचं त्यांच्या कानावर गेलं, तसे एका सकाळी रिक्षातून चादरीत बांधलेलं मोठं गाठोडं घेऊन दारात हजर.

"ट्रंकेत कुजतायत गो बाय. नासिर दर खेपेला आनायचा माझ्यासाठी. मी कधी घालनार? बघ तुझ्या त्या मशिनीवर काय होतं तर."

त्यात एक काळा ओव्हरकोट होता, पोटरीपर्यंतचा, गळ्याला फर लावलेला. माप घ्यायला मी टेप शोधत होते, तेवढ्यात चाचांनी तो अंगात चढवला. उंचेपुरे, मेंदी लावलेली दाढी, वर तो रुबाबदार कोट आणि खाली लुंगी. मला हसू आवरेना. "थांबा चाचा," म्हटलं आणि लुंगी वगळून फोटो काढला. कानशिलावरून घाम ओघळत होता, तरी माणूस असा ताठ उभा, जणू समोर बर्फच पडतोय.

तो फोटो लावला आणि आकडा सरसर पुढे जाऊ लागला. रिकामा कोट आणि माणूस आत असलेला कोट, यांत केवढा फरक असतो ते मला तेव्हा कळलं. शुक्रवारी नमाज आटोपून चाचा चौकशीला आले. मी सांगितलं, पुष्कळ जण बघतायत.

"कुटं कुटं दिसतो हा फोटू?"

"जगात कुठेही, चाचा."

"बोटीवर पन?"

"नेट असेल तर बोटीवरही."

 पुढच्या शुक्रवारी चाचा आले ते दाढी कोरून, ताजी मेंदी लावून, अत्तराचा फाया कानात घालून. म्हणाले, "तो फोटू काय बरोबर नव्हता. परत काढ. तोंड नीट दिसूंदे."

तेव्हा मी नासिरबद्दल विचारलं. आईच्या वेळी येऊन गेला होता, त्यानंतर नाही. तिकडेच दूरच्या कुठल्याशा बंदराच्या गावी घर केलं होतं त्याने. भांडण झालं का विचारलं, तर चाचा म्हणाले, "नाय गो. भांडन असतं तर मिटवला असता." फोन आधी आठवड्याने यायचा, मग महिन्याने, मग ईदला, आणि मग ईदही तशीच जाऊ लागली. चाचांकडे असलेला नंबर लागत नव्हता. पैसे बँकेत वेळच्या वेळी जमा होत. म्हणजे मुलगा आहे, सुखरूप आहे, एवढं बँकेकडून कळायचं.

मनालीच्या एका हॉटेलवाल्याने त्या काळ्या कोटाला चांगला भाव देऊ केला. मी आनंदाने चाचांना सांगितलं, तर ते म्हणाले, किंमत वाढव. वाढवली. दुसरा तयार झाला. पुन्हा वाढवायला लावली. मी वैतागले.

"चाचा, या भावात लोक नवा कोट घेतील."

"घेऊंदे."

मला वाटलं, मुलाने आणलेला कोट, जीव गुंतला असेल. पण मग विकायला आणायचाच कशाला? तरी मी गप्प बसले, कारण आकडा असा काही धावत होता की माझी कॉलर ताठ झाली होती. साइटच्या पहिल्या पानावर जास्त पाहिल्या गेलेल्या वस्तूंची एक पट्टी असायची. इस्माईलचाचा त्या पट्टीत जाऊन बसले! मी मनात म्हटलं, आता आपल्याला यातलं सगळं कळलं.

मग एकदा वादळी पावसाने आमची टेलिफोनची लाईन गेली. एका गिऱ्हाइकाला उत्तर देणं भाग होतं म्हणून मी बाजारातल्या सायबर कॅफेत गेले. कोपऱ्यातल्या संगणकावर इस्माईलचाचा बसलेले. पडद्यावर काळा ओव्हरकोट, त्यात तेच. एका बोटाने ते बटण दाबत होते. पान पुन्हा उघडायचं, ते स्वतःकडे बघायचे, पुन्हा बटण. कॅफेवाला मला ओळखत होता. हळूच म्हणाला, "रोज येतात हो. दुसरं काही बघत नाहीत."

मी जाऊन शेजारच्या खुर्चीवर बसले. ते दचकले नाहीत की ओशाळले नाहीत.

"तूच सांगितलंस ना, लय जनांनी बघितला की वर जातो म्हनून. वर गेला तर दिसेल. बोटीवर पोरं बसतात मशिनीसमोर. नासिर पन बसत असेल."

"पण चाचा, स्वतःच स्वतःला बघताय होय?"

"मग दुसरा कोन बघनार, बाय?"

मी माझं उत्तर तेवढं पाठवलं. घरी आले आणि बराच वेळ लाईट न लावता बसून राहिले. ज्या आकड्याकडे बघत मी संध्याकाळ घालवायची, त्या आकड्याच्या दुसऱ्या टोकाला चाचा बसलेले होते. आम्ही दोघं रत्नागिरीतच, चार गल्ल्यांच्या अंतरावर.

लाईन सुरू झाल्यावर मी चाचांना बोलावून सांगितलं, कॅफेत जायचं बंद करा, बघायला माणसं मी आणते. विकायची नाही अशी वस्तू दाखवायला मी आयुष्यात पहिल्यांदाच बसले होते. तेव्हा लक्षात आलं, आजवर मी कोट हवा असलेल्या माणसाला काय शोधावंसं वाटेल याचा विचार करत होते. आता घर सोडून गेलेल्या माणसाला काय शोधावंसं वाटेल, ते लिहायचं होतं. मी वर्णन पुसून नव्याने लिहिलं. रत्नागिरी, राजिवडा, बोट, बंदर, खलाशी. मागची पांढरी चादर काढून टाकली आणि चाचांना सरळ जांभ्याच्या भिंतीपुढे उभं केलं. वळचणीला लटकलेली केरसुणीही फोटोत येऊ दिली. कोटाचा रंग बिघडला तर बिघडला. खाली माझा फोन नंबर घातला.

कॅफेतले फेरे थांबले तसा आकडा आधी मंदावला. मग हळूहळू, खरोखरीचा, चालू लागला. आणि निरोप येऊ लागले. कोटाबद्दल एकही नाही. कुवेतहून कुणी विचारलं, ती भिंत चिऱ्याची आहे ना? कुणी विचारलं, यंदा पाऊस कसा आहे? कुणी लिहिलं, माझे आजोबा असेच दिसायचे. शुक्रवारी चाचा आले की मी एकेक निरोप वाचून दाखवायची आणि ते प्रत्येकाला विचारायचे, "हा कुटला? कुनाचा?" जणू सगळे ओळखीतलेच. मी चहा ठेवायची. मिस्टर गेल्यानंतर माझ्या घरात दोन कप चहा होणारा तो एकच वार होता.

एक निरोप दोह्याहून आला होता, चिपळूणच्या मुलाचा. त्याने लिहिलं होतं, भिंत बघितली आणि राहवेना, लगेच घरी फोन केला, आई रडली. मी आपल्या भरात वाचून गेले. चाचा कपातला चहा बशीत ओतत होते, ते थांबले.

"फोन केलान त्याने घरी?"

"हो."

"माझा फोटू बघून?"

"हो, चाचा."

"बरा झाला," ते म्हणाले, आणि चहा न पिताच उठले.

नासिरचा फोन दुपारचा आला. नेट चालू असलं की आमचा फोन लागत नसे. त्या दिवशी नेमकं मी ते बंद करून जेवायला बसले होते. आवाज लांबून येत होता, पण स्वच्छ.

"ताई, तो राजिवड्याच्या म्हाताऱ्याचा फोटो तुम्ही लावलाय काय?"

मी म्हटलं, "कोण बोलतंय?" पण बोलता बोलताच मला कळलं होतं.

तो म्हणाला, बोटीवर हर्णेचा एक पोरगा आहे, त्याला नेटवर तो फोटो सापडला आणि त्याने तो जेवणाच्या वेळी सगळ्यांना दाखवला. म्हणे, बघा, नासिरचा बाप जुने कपडे विकतो. "मी पैसे पाठवतो ताई. दर महिन्याला पाठवतो. त्यांना कमी काय आहे? लोक हसतात इथे. तेवढा फोटो काढून टाका, मेहेरबानी करा."

मी म्हटलं, "वडिलांशी बोला ना एकदा. शुक्रवारी इथेच असतात. याच नंबरवर."

"करतो. सवडीने करतो. तुम्ही फोटो तेवढा काढा." आणि फोन ठेवला गेला.

जेवण तसंच राहिलं. चाचांना काय सांगायचं, हा घोर लागला. फोन आलाच नाही म्हणावं, तर ते जन्मभर वाट बघणार. मुलगा खुशाल आहे, तुमची आठवण काढत होता म्हणावं, तर पुढे फोटो का काढला ते काय सांगू? मला संताप आला होता त्या मुलाचा, आणि थोडी कीवही. तोही घरापासून कुठल्या कुठे, चार लोकांत मान खाली घालून बसला असेल. शुक्रवार येईपर्यंत काही सुचलं नाही, आणि चाचा येऊन बसले तेव्हा मी खरं तेच सांगितलं.

 ऐकून झाल्यावर चाचांनी पहिला प्रश्न विचारला तो असा.

"आवाज कसा होता त्याचा?"

"चांगला होता. थोडा घाईत होता."

"खोकत होता काय? लहानपनी छातीचा होता तो."

"नाही, चाचा. खोकत नव्हता."

"म्हंजे बघितलान त्याने," ते म्हणाले. दाढीवरून हात फिरवत दोनदा म्हणाले, "बघितलान." त्यांचे डोळे भरले होते, पण चेहरा हसरा होता, आणि मला मात्र तिथे बसवेना. मी उठून संगणकाकडे गेले.

"काढते मी फोटो," म्हटलं.

"नको."

"अहो, चिडलाय तो."

"चिडूंदे. काढलास काय नाय, ते बघायला येईल ना तो परत."

मी फोटो काढला नाही. पुढे ती साइटच बंद पडली, तोवर इस्माईलचाचा काळा ओव्हरकोट घालून जांभ्याच्या भिंतीपुढे उभे होते. आखातातल्या मुलांचे निरोप हळूहळू ओसरले, नवे फोटो आले, लोक तिकडे गेले. फोन काही पुन्हा आला नाही. आकडा मात्र अधूनमधून एकाने पुढे सरकलेला असायचा. शुक्रवारी चाचा आले की मी चहा पुढे करायची आणि म्हणायची, "या आठवड्यात एक जण येऊन गेला." बाकी कुणाचंही नाव काढलं की हा कुठला, हा कुणाचा, असं खोदून विचारणारे चाचा या एकाबद्दल कधी काही विचारत नसत. मान हलवून चहा प्यायचे.